घर जागच्या जागी ठेवून खालचा पाया कसा बदलतात

नाशिकजवळ गंगावऱ्हे गावाच्या बाजूला, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरपासून थोड्या अंतरावर माझ्या मावशीचं छोटं घर आहे. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि पाण्याकडे तोंड करून एक लाकडी केबिन, जी मावशीच्या यजमानांनी नंतर हौसेनं जोडून घेतली. दर उन्हाळ्यात मावशीचा फोन ठरलेला, "अरे, मागचं दार परत अडकायला लागलंय बघ." सुतार यायचा, दार खालून घासून द्यायचा, आणि ऑगस्टमध्ये त्याच दाराखालून बोटभर उजेड दिसायचा. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग होती, ती एका कॉन्ट्रॅक्टरनं दोनदा पुट्टी मारून रंगवून दिली, दोनदा पैसे घेतले, आणि दोन्ही वेळा पुढच्या मे महिन्यात भेग तिथेच. शेवटी गेल्या वर्षी आम्ही पायाच बदलला, घर न पाडता. आता लोक विचारतात की आहे त्या घराखालचा पाया बदलता येतो का, आणि बदलताना घर खाली कसं येत नाही, म्हणून जे समजलं ते सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माती समजून घ्या कारण सगळा खेळ तिचाच आहे. आपल्याकडे खाली काळा खडक, त्यावर मुरूम आणि सगळ्यात वर काळी माती असा थर असतो, कुठे काळी माती हातभर तर कुठे दहा-बारा फूट. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, शेतातल्या मे महिन्यातल्या भेगा सगळ्यांनी बघितल्यात, हात आत जाईल एवढ्या. तेच घराखाली पण चालू असतं, फक्त दिसत नाही.

लोकांना वाटतं की हलक्या घराला काय होणार. उलट आहे. हिशोब करून बघा, नऊ इंची विटांची भिंत दहा फूट उंच असली तर एका मीटर लांबीला साधारण १.३ टन वजन, त्यात जोत्याचं डबर आणि पत्रा धरला की अडीच टन, आणि पाया दोन फूट रुंद असेल तर मातीवर एका चौरस मीटरला जेमतेम ४ टन दाब पडतो. आणि वाईट काळी माती फुगताना १०-२० टनांचा दाब सहज देते. म्हणजे माती घराला उचलते, आणि उन्हाळ्यात परत खाली सोडते, आणि सगळीकडे सारखं उचलत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. मावशीच्या घरी मोरीचं पाणी एका कोपऱ्यात मुरत होतं म्हणून तो कोपरा बाराही महिने ओला आणि फुगलेला, आणि दुसऱ्या टोकाला निलगिरीची दोन झाडं, ती जमिनीतलं पाणी ओढून घेणार म्हणून तिकडची माती जास्त आकसलेली. एक बाजू वर, एक बाजू खाली, मग मधली भिंत तिरकी फाटणार नाहीतर काय करणार. शिवाय धरण ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं आणि जूनपर्यंत उतरत जातं, त्याच्याबरोबर काठाच्या जमिनीतलं पाणी पण वर-खाली होतं आणि माती खालूनही ओली होते, हे शहरातल्या घराला नसतं.

माती किती फुगणारी आहे हे बघायची एक टेस्ट आहे, फ्री स्वेल म्हणतात, आणि ती इतकी सोपी आहे की बघताना मजा वाटते. वाळलेली चाळलेली माती १० ग्रॅम घेऊन एका मोजपात्रात पाण्यात टाकायची आणि तेवढीच दुसऱ्या मोजपात्रात रॉकेलमध्ये, आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या मातीचा स्वभाव. फरक ५० टक्क्यांच्या पुढे गेला की सावध व्हायचं. आमच्याकडच्या मातीचा दुसऱ्या दिवशी पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या जवळजवळ दुप्पट दिसत होता. मावशीनं बराच वेळ दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या आणि म्हणाली, म्हणजे एवढी वर्षं आपण हिच्यावर झोपतोय.

पण टेस्ट झाली म्हणून लगेच खोदायला घेऊ नका. आधी निदान पक्कं करा, आणि त्याला एक वर्ष लागतं, घाई करून उपयोग नाही. गोदावरीला पूर आला की आपण सगळे नाशिकला नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतो, पाणी गुडघ्याला की कमरेला की छातीला, त्यावरून पूर किती ते कळतं. तसाच एक मारुती भिंतीवर बसवायचा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलनं तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते, भिंत खोटं बोलू शकेल पण काच नाही. त्याशिवाय भेगेच्या दोन्ही बाजूला दोन खुणा करून दर महिन्याला अंतर मोजायचं. भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते असं दिसलं तर ते काळ्या मातीचं फुगणं-आकसणं. भेग नुसती वाढतच जाते, मिटतच नाही, तर पाया खचतोय, खाली भराव असेल किंवा माती वाहून जात असेल. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या बारीक रेघा मात्र बहुतेक वेळा नुसतं प्लास्टर आकसल्याच्या असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

आणि निदान चालू असताना पाण्याचं काम करून घ्या. पत्र्याला पन्हळ लावा आणि पाणी घरापासून लांब सोडा, मोरीचा पाईप बदला, शोषखड्डा पायाला लागून असेल तर हलवा, घराभोवती चार-पाच फूट रुंद फरशी किंवा काँक्रीट बाहेर उतार देऊन करा. हे स्वस्त आहे. बऱ्याच घरांना एवढ्यावरच भागतं आणि पाया बदलायची वेळच येत नाही, आणि हे न करता पाया बदलला तर नव्या पायालाही तोच त्रास द्यायचा. झाड तोडायची मात्र घाई नको, मोठं झाड एकदम तोडलं की ते पीत होतं ते पाणी मातीतच राहतं आणि माती फुगून उलटाच प्रकार होतो, आम्ही आधी फांद्या उतरवल्या आणि इंजिनिअरला विचारूनच पुढे गेलो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. धरणाच्या काठाला संपादित जमिनीची हद्द कुठे संपते ते मोजणीवरून बघा. नदीकाठी असाल तर पूररेषा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ग्रामपंचायत किंवा एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांची हद्द असेल तिथे विचारा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही केलेलं ड्रॉइंग हातात घेतल्याशिवाय टिकाव लावू नका. हे काम गवंड्याच्या अंदाजावर करायचं नाही, कितीही अनुभवी असला तरी.

आता लाकडी केबिन आणि विटांचं घर, दोघांचा पाया बदलायची पद्धत पूर्ण वेगळी आहे. लाकडी केबिन उचलता येते, विटांची भिंत तशी उचलायला गेलात तर फाटते.

केबिनचं आधी. आमची केबिन आठ लाकडी खांबांवर, खांब नुसत्या दगडांवर ठेवलेले, खालून दोन खांबांना वाळवी लागलेली. अख्खी केबिन तीन-चार टनांची असेल, म्हणजे एका खांबावर अर्धा टन, त्याला साधा बॉटल जॅक पुरतो. पण सगळ्यात आधी केबिन जिथे विटांच्या भिंतीला बोल्टनं जोडलेली होती ते बोल्ट काढले, नाहीतर केबिन वर जाताना भिंतीला ओढते. खिडक्यांच्या काचा काढल्या, दारं काढली, नळ आणि वायर सोडवले. मग खालच्या मोठ्या तुळईखाली जॅक, जॅकखाली लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली आडव्या-उभ्या जाड लाकडांचा चौथरा, कारण जॅक नुसता मातीवर ठेवला तर केबिन वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

उचलायचं म्हणजे एकदम नाही. एका जॅकला दोन-तीन मिलिमीटर, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, अशी पूर्ण फेरी मारायची आणि थांबायचं. लाकूड बोलतं, कुरकुरतं, ते ऐकायचं. मोठा कडकन आवाज आला की थांबून कुठे अडकलंय ते शोधायचं. आणि उचललं तेवढं लगेच शेजारी लाकडी ठोकळे रचून टेकू द्यायचा, जॅकवर वजन ठेवून जेवायलासुद्धा जायचं नाही, झोपायला जाणं तर लांबच. जॅकचं सील गळतं, टेकू गळत नाही. आम्हाला केबिन फक्त दीड इंच वर पाहिजे होती आणि त्याला पूर्ण दिवस गेला.

मग एकेक जुना खांब काढून त्या जागी मुरमापर्यंत खड्डा, खाली तीन बाय तीन फुटांचं फुटिंग म्हणजे काँक्रीटची रुंद बैठक, त्यावर एक फुटी चौकोनी काँक्रीटचा पेडेस्टल म्हणजे बुटका खांब जमिनीच्या दीड फूट वर, त्यात बोल्ट आणि लोखंडी प्लेट. लाकूड काँक्रीटला डायरेक्ट टेकवायचं नाही, मध्ये डांबरी पट्टा द्यायचा नाहीतर ओल वर चढते. दीड फूट मोकळी जागा यासाठी की वारा खेळला पाहिजे आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची नळी दिसली पाहिजे. लोक खालची जागा दगड लावून बंद करतात, दिसायला छान दिसतं, पण केबिन आतून सडते.

विटांच्या घराला म्हणतात अंडरपिनिंग. जुना पाया अडीच फुटांवर काळ्या मातीतच संपत होता आणि मुरूम लागला साडेसहा फुटांवर. म्हणजे जुन्या पायाखालून नवा पाया मुरमापर्यंत न्यायचा. पूर्ण भिंतीखालची माती काढली तर भिंत पडणार हे उघड आहे, पण चार फूट लांबीची माती काढली तर भिंत पडत नाही, कारण वरच्या विटा आणि डबर आपोआप कमानीसारखं काम करतात आणि वजन दोन्ही बाजूच्या मातीवर जातं. या एका गोष्टीवर अख्खी पद्धत उभी आहे.

मग भिंतीवर चार-चार फुटांच्या अंतरानं खडूनं आकडे लिहायचे, १, ३, ५, २, ४, परत १, ३, ५, २, ४. पहिल्या फेरीत फक्त १ नंबरचे खड्डे खोदायचे. ते भरून, घट्ट करून, जोर आल्यावरच २ नंबर. त्यामुळे एका वेळी भिंतीचा पाचवा भागच मोकळा असतो आणि एका मोकळ्या तुकड्याशेजारी दुसरा मोकळा तुकडा कधीच येत नाही. कोपऱ्याला मात्र तीन फुटांच्या वर गेलो नाही आणि बाहेरून तिरके टेकू दिले, कारण कोपऱ्याला कमान व्हायला एकाच बाजूचा आधार असतो.

खड्डा पाच फुटांच्या खाली गेला की बाजूंना फळ्या आणि आडवे धिरे पाहिजेतच. काळी माती वाळलेली असताना भिंतीसारखी ताठ उभी राहते आणि माणसाला वाटतं काही होत नाही, पण ती त्या भेगांवरूनच सुटते, सांगून पडत नाही. आमच्या मजुरांपैकी एक जण फळ्या बसवायच्या आधी खाली उतरायला निघाला होता, काकांनी म्हणजे आमच्या म्हाताऱ्या गवंड्यांनी त्याच्या हातातली पहारच काढून घेतली. फळ्या बसेपर्यंत परत दिली नाही.

तळाला पहार मारून बघायची, काळ्या मातीत ती गप्प रुतते आणि घट्ट मुरमात आवाज देते. मुरमात सहा इंच आत जायचं. जुन्या पायाच्या तळाला चिकटलेली माती तारेच्या ब्रशनं खरवडून काढायची, डबराचा दगड दिसला पाहिजे. शेजारच्या तुकड्यात जोडायला गज बाजूनं बाहेर ठेवायचे. आणि बाजूच्या काळ्या मातीला काँक्रीट डायरेक्ट चिकटू द्यायचं नाही, प्लास्टिक कागद आणि दोन-तीन इंच वाळू मध्ये ठेवायची, नाहीतर माती फुगताना नव्या पायाला कडेनं धरून वर ओढते, खाली मुरूम असून सुद्धा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काँक्रीट जुन्या पायाला टेकेपर्यंत भरायचं नाही. वर तीन इंच जागा सोडायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण काँक्रीट सेट होताना थोडं आकसतं आणि थोडं बसतं, त्यामुळे कितीही ठासून भरलं तरी वर केसाएवढी फट राहतेच, आणि सगळ्या भिंतीचं वजन त्या फटीवर आलं की भिंत तेवढी खाली बसते आणि जी भेग बंद करायला एवढा खर्च केला ती परत उघडते. म्हणून काँक्रीट झाल्यावर कमीत कमी २४ तास थांबायचं, आम्ही दोन दिवस थांबलो, आणि मग ती तीन इंचाची जागा कोरड्या मसाल्यानं ठासायची. एक सिमेंट, तीन वाळू, आणि पाणी इतकं कमी की मुठीत दाबल्यावर गोळा टिकतो पण तळहात ओला होत नाही. काका उकिडवे बसून थोडा थोडा मसाला आतल्या कडेपासून बाहेर असा भरत होते आणि लाकडाचा तुकडा लावून हातोडीनं ठोकत होते. आधी आवाज धप-धप येतो. ठोकत राहिलं की हळूहळू बदलतो, आणि एका क्षणी टण्ण असा दगडावर मारल्यासारखा येतो. तो आवाज आला की वजन जुन्या पायाकडून नव्याकडे गेलं. एका चार फुटी तुकड्याला दीड-दोन तास लागायचे आणि काकांनी एकदाही ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. कॉन्ट्रॅक्टर नेमाल तेव्हा हे काम कोण करणार हे आधी विचारा, घाईत उरकलं जातं ते नेमकं हेच.

क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १० दिवस. आपल्याकडे दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणजे १० धरा. ओलं गोणपाट टाका, पाईप सोडून खड्डा भरू नका, ते पाणी शेजारच्या न खोदलेल्या तुकड्याच्या मातीत जातं.

काठावरच्या घराला खड्ड्यात पाणी येणं हा मोठा धोका. पहिला विचार येतो पंप लावायचा. पंपातून येणारं पाणी बादलीत घेऊन बघा, स्वच्छ असेल तर ठीक, गढूळ असेल तर पंप बंद करा, कारण पाण्याबरोबर शेजारच्या पायाखालची बारीक माती उपसून येतेय. इंग्लंडमध्ये विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचा पाया खचत होता तेव्हा नेमकी हीच अडचण आली होती, पाणी उपसलं असतं तर भिंती खाली आल्या असत्या, म्हणून विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्यानं १९०६ ते १९११ अशी वर्षं त्या गढूळ पाण्यात, अंधारात, हातानं चाचपडत काँक्रीटच्या हजारो गोण्या भिंतीखाली रचल्या, आणि तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसलं. आपल्याला पाणबुड्या लागत नाही, आपल्याला कॅलेंडर लागतं. फेब्रुवारीत सुरू करा आणि मे संपायच्या आत संपवा, पाणी उतरलेलं असतं. आमच्या पाच फेऱ्यांना सव्वा महिना लागला.

मुरूम दहा-बारा फुटांच्या खाली असेल तर असे खड्डे परवडत नाहीत आणि सुरक्षितही नाहीत. तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला खांब. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं हा प्रकार आपल्या देशातल्या काळ्या मातीसाठी रुळवला. फुगवटा खांबाच्या साधारण अडीच पट रुंद, आणि खोली कमीत कमी साडेतीन मीटर, कारण त्याच्या खाली माती ऋतूप्रमाणे फारशी ओली-कोरडी होत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूला पाइल घेऊन मधून आडवी बीम घालून भिंत तिच्यावर घ्यायची, आणि त्या बीमखाली तीन इंच मोकळी जागा, माती फुगली तर तिला जायला जागा पाहिजे.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, आम्हीही विसरलो होतो. अंडरपिनिंगनं भिंती धरल्या जातात, फरशी नाही. फरशी अजून काळ्या मातीवरच बसलेली असते. भिंती आता हलत नाहीत आणि फरशी मात्र फुगते, मग भिंतीच्या कडेनं नवीन भेग. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर खूप काम केलं, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा साधारण मीटरभर जाड थर दाबून बसवला की खालची माती शांत राहते, सीएनएस लेयर म्हणतात त्याला. आम्ही एका खोलीची फरशी काढून तसा मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात पाणी मारून धुम्मस करून भरला. दुसरी खोली या फेब्रुवारीत करणार आहोत.

भिंतीची जुनी भेग लगेच भरू नका, मोजत राहा, निदान एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मावशीच्या घरी पाया झाल्यावर भेगेवर नवीन काच लावली, पेन्सिलनं खाली १२ जून लिहिलं. धरण भरलं, उतरायला लागलं, काच अजून अख्खी आहे. मागच्या दाराचं मावशी विचारते की खालून घासलेलं आहे ना, तिथून पाल येते, आता खाली नवी पट्टी मारू का. तिला सांगितलंय, मे जाऊ दे.